मोत्याच्या मानेला चावा, छिद्रं लहान आहेत. सकाळपर्यंत थांबू का?

घोडबंदरकर
फिरायला नेलेल्या मोत्याची (देशी, ३ वर्षं, १४ किलो) मान तासाभरापूर्वी भटक्या कुत्र्याने धरली आणि झटकली. पट्ट्याखाली डाळीएवढी दोन छिद्रं आहेत. रक्त थांबलंय, जेवलाही. रेबीजची लस वेळेवर झालेली आहे. बाहेर धो धो पाऊस. हळद भरून ठेवली तर चालेल?

नेरूळ_वेट
हळद अजिबात भरू नका, छिद्र वरून बुजतं आणि पू आत कोंडतो. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

सुळा आत रुतल्यावर कुत्रा मान झटकतो. तेव्हा बाहेर डाळीएवढं भोक दिसतं, पण आत कातडी स्नायूपासून हातभर सुटलेली असू शकते. पट्टा काढा. हातमोजे घाला, कारण त्या कुत्र्याची लाळ केसांवर आहे. जखमेत आधी पाण्यात विरघळणारी जेली भरा, मग आजूबाजूचे केस कापा; कापलेले केस जेलीला चिकटतात, आत पडत नाहीत. २० मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, निदान ५०० मिली सलाइनची धार सोडा. सिरिंजचं टोक छिद्रात खुपसायचं नाही. नंतर ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, एक भाग औषधाला दहा भाग पाणी, फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाचं.

आता बोटांनी मान हलकेच दाबा. कातडीखाली कुरमुरे चुरल्यासारखं लागलं तर आत हवा शिरलीय, म्हणजे श्वासनलिकेला इजा असू शकते. तसं असेल, हिरड्या पांढुरक्या असतील किंवा श्वास जोरात चालला असेल, तर पाऊस बघू नका, आत्ताच निघा. नाहीतर उद्या सकाळी पहिल्याच वेळेला न्या. क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरतात.

कळवेकर
लस झालेली असली तरी चाव्यानंतर बूस्टर लगेच लागतो. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर १० दिवस नजर ठेवा. तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात. सोडवताना तुमच्या हाताला ओरखडा आलाय का, नीट बघा. आला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच इंजेक्शन घ्या. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चौकशी करा.

घोडबंदरकर
दाखवून आणलं. एक्स-रे स्वच्छ आहे. पण टाके घातले नाहीत, नुसती रबराची नळी ठेवलीय. हे बरोबर आहे ना?

नेरूळ_वेट
अगदी बरोबर. सुळ्याबरोबर जंतू आत खोलवर गेलेले असतात, टाके घालून ते कोंडायचे कशाला? नळी ३ ते ५ दिवस राहते. गुलाबी पातळ पाणी येणं चांगलं, घट्ट, वास मारणारा पू मात्र वाईट. गळू बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी धरतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. १०३ फॅरेनहाइटच्या वर गेला तर फोन करा. अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. मानेला पट्टा नको, फिरवताना छातीचा हार्नेस वापरा, पण तो नळीवर घासता कामा नये. मागच्या पायाने मान खाजवून नळी उपसू नये म्हणून नखं कापून पायात मोजा घाला.

आणि माश्या! पावसाळ्यात ओल्या जखमेवर घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. त्याला घरातच ठेवा, जखम दिवसातून तीनदा टॉर्च लावून बघा. साचलेल्या पाण्यातून तर मुळीच चालवू नका, उघड्या जखमेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) जंतू शिरतात.