गोळी म्हटलं तरी अप्पांना वाटतं मी चिडले

शेंगाचटणी:
अप्पा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर होते, बत्तीस वर्षं. आता कान गेलेत. मशीन घेऊन दिलंय, ते देव्हाऱ्याशेजारी डबीत असतं. परवा रात्री "गोळी घ्या" तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडलेच. त्यांनी ताट सरकवलं. "एवढं तोडून काय बोलतीस?" अहो, मी नुसतं गोळी म्हणत होते! मग पाणी देताना मनगटावर हात ठेवून हळूच तेच म्हटलं, तर मुकाट घेतली. ऐकू आलं नसणारच. मग पोचलं काय?

कर्णपिशाच्च:
ताई, रोज कान तपासतो म्हणून सांगतो. मागाच्या खडखडाटानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं ऐकणं जातं. स, श, ट, क अशी व्यंजनं उंच पट्टीतली, ती गळतात. स्वर आणि आवाजाचा चढउतार खालच्या पट्टीत, तो बऱ्यापैकी पोचतो. म्हणजे तुमचा शब्द पोचत नाही, चीड तेवढी पोचते. वर असे कान हळू बोललेलं पकडत नाहीत आणि मोठं बोललं की कर्कश वाटतं.
हाताचं म्हणाल तर मनगटापासून वरच्या केसाळ कातडीत संथ स्पर्शाला जागे होणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, एवढ्या सावकाश हात फिरला की ते जास्त चालतात. २००६च्या एका अमेरिकन प्रयोगात पडद्याआडून अनोळखी माणसानं नुसता हाताला स्पर्श केला, तरी राग, भीती, प्रेम, सहानुभूती लोकांनी बऱ्याचदा ओळखली.

धोटा:
मागावर तोंडानं कोण बोलतंय? सगळे हातवारे. आमच्या खात्यात खांद्यावर दोन टपल्या म्हणजे चहा, एकच जोरात म्हणजे मालक आला. अप्पा आयुष्यभर असंच ऐकत आले असतील की. फक्त मागनं एकदम हात लावू नका, दचकतात. आधी समोर या.

रोखठोक:
सगळं खरं, पण हात ठेवून गोळीचं नाव कळत नाही. आमच्या आईनं बीपीची एकाच दिवशी दोनदा घेतली होती. मशीन लावा आधी.

शेंगाचटणी:
धोटादादा, अप्पांना टपल्यांचं विचारलं. हसले, आणि माझ्या खांद्यावर दोन दिल्या. चहा ठेवलाय. रोखठोक, डबी उघडून बघितली, सेलच संपलेत. कधीचे कुणास ठाऊक.