नियूपोर्टचा घोडेस्वार राजा : श्रेय कुणाचं?

उघाडी
कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, "बेल्जियमच्या नियूपोर्टला राजा आल्बर्ट पहिला घोड्यावर कशाला? पाणी सोडलं जलद्वारवाल्यांनी, पुतळा राजाचा!" हे वाचून राहवलं नाही.

ऑक्टोबर 1914, पहिलं महायुद्ध, बेल्जियमची ऐझर नदी. चालून येणारी जर्मन फौज पाणी पसरवून अडवायची होती. कोकणातल्या खारबंधाऱ्याची उघाडी ओहोटीला आतलं पाणी सोडते आणि भरतीला मिटते. ऐझरवर नेमकं उलटं करायचं होतं. भरतीला दारं उचलून समुद्र आत घ्यायचा आणि ओहोटी लागायच्या आत ती पाडायची. उशीर झाला की आलेलं पाणी परत समुद्रात. त्याआधी नियूपोर्ट–डिक्समाउडे रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्या बुजवायच्या, कारण भरावामागे बेल्जियन फौजच होती. जुन्या स्पॅनिश जलद्वारातून पाणी फार सावकाश चढलं. 29च्या रात्री नोर्डफार्ट कालव्याची दारं उघडली तेव्हा कुठे जमलं. स्वतःच्याच रयतेची शेतं खाऱ्या पाण्याखाली घालायची जबाबदारी सरसेनापती म्हणून राजाची होती. सरकार फ्रान्समध्ये ल आव्हरजवळ गेलं, राजा ऐझरमागेच राहिला.

मोरी_बुजवा
असहमत. जबाबदारी घेतली म्हणून भरती-ओहोटी कळत नाही. पाणी कुठून कसं फिरतं ते तिथल्या कालव्यांची देखरेख करणाऱ्या कारेल कोखला माहीत होतं. दारं उचलली ती हेन्ड्रिक गेरार्ट या नावाड्याने, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात. जलद्वारांच्या शेजारीच 1938चं स्मारक, आणि मधोमध कोण? राजा!

घोडेपागा
वाद थांबवा, घोड्याचे पाय बघा. एक पाय वर म्हणजे जखमांनी मृत्यू, दोन वर म्हणजे रणात. शिल्पकार असंच ठरवतात.

ओतशाळा
साफ खोटं, आणि हेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं! आल्बर्ट 17 फेब्रुवारी 1934ला मार्श-ले-दामच्या कड्यावरून पडून गेला. तुमच्या नियमात तो कुठल्या पायावर? रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस एक पाय उचललेल्या घोड्यावर आहे आणि तो आजाराने वारला. माद्रिदमधला स्पेनचा राजा फिलिप चौथा दोन पायांवर उभ्या घोड्यावर आहे, तो तर 1665मध्ये अंथरुणात गेला. पाय ठरवतो तो तोल. घोडा दोन पायांवर उभा असेल तर ओतकामात पुढचा भाग पातळ आणि पोकळ ठेवावा लागतो, मागचा जड, शेपटीचाही टेकू लागतो. नाहीतर सगळा भार मागच्या घोट्यांवर येतो आणि तिथेच तडा जातो.

घोडेपागा
एवढं चिडायचं कारण नव्हतं. फिलिपचं उदाहरण मान्य. बाकी शिल्पकार संकेत पाळतच नाहीत, हे मला पटलेलं नाही.

उघाडी
घोडा बाजूला ठेवा. गेरार्ट 1950च्या हजार फ्रँकच्या नोटेवर आला, तेव्हा त्याला विसरले म्हणू नका.

मोरी_बुजवा
नोट आली खरी, पण 36 वर्षांनी. दारांपाशी तो राजाच्या बरोबरीने उभा हवा होता. आणि कोखचं काय?

उघाडी
कोखबद्दल तुमचं बरोबर आहे. राजाला मात्र तिथून हलवू नका.