जुन्या गावाचं रूप कशात असतं: घरांत की घरांमधल्या मोकळ्या जागेत?

गल्लीबोळ (धागाकर्ता)

ऐतिहासिक गाव जपायचं ठरलं की आधी घरांची यादी होते. कोणतं घर किती जुनं, कुठला दरवाजा कोरीव, सगळं नोंदलं जातं. दोन घरांमधली फट, भिंतीआडची बाग, तळ्याकाठचा उतार यांच्यापुढे मात्र ‘रिकामा भूखंड’ एवढंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की मोकळ्या जागा आधी नोंदवा, घरं नंतर.

चेक प्रजासत्ताकातलं होलाशोविट्से हे गाव १९९८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे २३ शेतकरी वाडे आहेत, एकूण १२० इमारती. तशा नक्षीची घरं त्या भागात इतरत्रही दिसतात. इथे ती सगळी लांबट हिरव्या चौकाकडे त्रिकोणी दर्शनी भिंत करून उभी आहेत आणि मधोमध तळं नि छोटं प्रार्थनाघर आहे. त्या चौकात दोन बंगले बांधा, एकाही जुन्या घराला हात लावू नका, तरी गाव गेलंच म्हणून समजा.

मोजायचं कसं? चौकाच्या रुंदीला वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, उंचीने भागा. वळचण ६ मीटरवर आणि चौक १२ ते १८ मीटर रुंद असेल तर चारही बाजूंनी वेढल्यासारखं वाटतं. चौपटीच्या पुढे कडा दूर जाऊ लागतात.

आढंपाखं

सहमत नाही. आज मोकळी दिसणारी जागा पूर्वीही मोकळी होती हे कशावरून? पुष्कळ फटी म्हणजे जळालेली किंवा पडलेली घरं असतात. शेजारच्या उघड्या भिंतीकडे नीट बघा: वाशांची भोकं ओळीत दिसतात, बुजवलेला कोनाडा दिसतो, जमिनीलगत जुन्या जोत्याचे, म्हणजे घराखालच्या चौथऱ्याचे, दगड डोकावतात. अशा जागी घर बांधलं तर तुटलेली ओळ सांधली जाते.

बांधूच दिलं नाही तर तरुण कुटुंबं राहणार कुठे? मग घरं सुट्टीपुरती उघडतात आणि एरवी खिडक्या बंद. नवं घर भूखंडाच्या मधोमध, समोर गाडीसाठी ५-६ मीटर सोडून बसवलं की गल्लीची कड तुटते. खरं नुकसान तिथे होतं. दर्शनी भिंत जुन्या रेषेवर, वळचण शेजाऱ्याच्या वळचणीच्या आसपास आणि आढं, म्हणजे छपराची वरची कड, शेजारच्या आढ्याच्या दिशेने, एवढ्या तीन अटी घाला आणि बांधू द्या.

गल्लीबोळ

रेषेचं म्हणणं पटलं. पण घर आलं की गाडी येते, आणि गाडी भिंत खाते. इंग्लंडमधले रस्त्याचे निकष बघा. गाडी बाहेर काढताना चालकाला दोन्हीकडचं दिसावं म्हणून रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत उभं राहून, ताशी ३० मैल वेगाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ४३ मीटरपर्यंत नजर मोकळी लागते. त्या त्रिकोणात येणारी भिंत साधारण ६० सेंटीमीटरपर्यंत उतरवावी लागते. फाटक ३ मीटरचं, आणि जुनी दगडी भिंत जाते कितीतरी मीटर. वेग ताशी २० मैलांवर आणला तर ४३ चे २५ होतात. म्हणून परवानगीआधी वेगमर्यादा उतरवा, नाहीतर वाहनतळ गावाबाहेर ठेवा.

चुनखडी

तुम्ही दोघं नकाशावर भांडताय. गावात चालणाऱ्याला आधी दिसतो तो भिंतीचा पृष्ठभाग आणि पायाखालची जमीन, आणि या दोन गोष्टी एकमेकींना बिघडवतात.

रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, जुना खरवडला जात नाही. जोतं हळूहळू गाडलं जातं आणि रस्ता उंबऱ्याला टेकतो. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटीमीटर खाली हवी. ती वर आली आणि डांबर भिंतीला भिडलं की जमिनीतल्या ओलीला एकच वाट उरते: भिंतीतून वर.

मग ओल दिसली म्हणून कोणीतरी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतं. सिमेंट ओल अडवतं, म्हणून ती दगडातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाआड साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी दगड आत गेलेला नि सिमेंटची जाळी पुढे आलेली, अशी भिंत दिसते. एकदा तो दगड गेला की परत येत नाही.

करायचं ते असं: सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल, छिन्नीने हलक्या हाताने मोकळा करा. ग्राइंडर नको, दगडाच्या कडा कापल्या जातात. धूळ काढा, पाणी मारा, मग एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग कोनदार कणांची वाळू असा माल भरा. माल दगडाच्या कडेपेक्षा जरा आत ठेवा, वर चढवू नका. त्यावर ओलं गोणपाट काही दिवस राहू द्या. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर कामच काढू नका.

भिंतीलगत डांबराऐवजी खडीचा किंवा फरसबंदीचा पट्टा ठेवला तर निम्मं दुखणं सुरूच होत नाही.

आढंपाखं

चुन्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक खिडकीला परवानगी लागली तर लोक गाव सोडतील. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्याने सुट्या इमारतीबरोबर अख्खा परिसर संरक्षित करायची सोय झाली. तिथे जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोड असलेलं झाड तोडण्याआधी ६ आठवड्यांची सूचना द्यावी लागते. साध्या घराची खिडकी मात्र वेगळा आदेश नसेल तर बहुधा परवानगीशिवाय बदलता येते. मला हा क्रम योग्य वाटतो. दर्शनी बाजूला कडक राहा, मागच्या बाजूला मोकळीक द्या.

गल्लीबोळ

मागची बाजू म्हणजे काय, हे गावागणिक बदलतं. जपानमधल्या ओगिमाची गावात घरांची आढी दरीच्या दिशेने समांतर आहेत आणि भातखाचरं थेट घरांपर्यंत येतात. तिथे मागची बाजूच नाही. १९७१ मध्ये रहिवाशांनी स्वतःच ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जवळपास ६० अंशांची ती गवती छपरं ३०-४० वर्षांनी नव्याने शाकारतात, आणि त्यासाठी गवताची राखीव कुरणं लागतात. कुरण गेलं तर छप्पर गेलं.

म्हणून जुनं जोतं सापडलेल्या फटीत तुमच्या तीन अटींवर घर होऊ द्या, माझी हरकत नाही. तळ्याकाठचा उतार मात्र सोडणार नाही. तिथे १५० चौरस मीटरचं छप्पर आलं आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर आज मातीत मुरणारं ३,७५० लिटर पाणी खालच्या गल्लीत उतरेल. चुनखडींनी सांगितलेली ती गाडलेली जोती त्याच गल्लीत आहेत.