विषय: श्रवणबैठकीसाठी नवे जॅझ आणि सोल अल्बम

प्रेषक: प्राजक्ता

नमस्कार मंडळी,
पुढची श्रवणबैठक जॅझ आणि सोलची (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गायन) ठरली आहे. दोन तास, छोटा हॉल, श्रोते बहुतेक शास्त्रीय संगीत ऐकणारे. जुने दिग्गज त्यांना ठाऊक आहेत. अलीकडचं काय लावावं?

---

प्रेषक: माधव

प्राजक्ता,
शबाका हचिंग्जच्या 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, ॲकनॉलेज इट्स ग्रेस'पासून (2024) सुरुवात कर. लंडनचा हा सॅक्सोफोनवादक इथे मुख्यतः बासऱ्यांकडे वळलाय आणि त्यात जपानी शाकुहाची महत्त्वाची. बासरीवर जीव असलेल्या आपल्या लोकांना ती लगेच भिडेल. शाकुहाची उभी धरतात, वरच्या तिरक्या कडेवर फुंकतात. भोकं पाचच, चार पुढे नि एक मागे. मधले स्वर अर्धं भोक झाकून किंवा हनुवटी वर-खाली करून काढतात, त्यामुळे मींड बोटांइतकीच मानेतूनही येते.

रेकॉर्डिंग आपल्या न्यू जर्सीतलंच, एंगलवूड क्लिफ्सच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओतलं. 39 फूट उंच लाकडी छताची ती खोली; सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' 1964 मध्ये तिथेच झालं. शबाकाने वादकांमध्ये आडोसे ठेवले नाहीत, हेडफोनही नाहीत. मग प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणून आपला जोर आवरावा लागतो, आणि बासरीतल्या श्वासाला जागा मिळते.

गायिका समारा जॉयचा 'पोर्ट्रेट' (2024) त्याच स्टुडिओतला. तिच्यासोबत सात वादक: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, अल्टो आणि टेनर सॅक्स, पियानो, बेस, ड्रम्स. जुना बेसवादक-रचनाकार चार्ल्स मिंगसच्या 'रीइन्कार्नेशन ऑफ अ लव्हबर्ड'ला तिने स्वतः शब्द लिहिलेत आणि सुरुवातीला ती साथीशिवाय गाते. तंबोरा नाही, पेटी नाही, चाल वेडीवाकडी वळणं घेणारी. तरी बँड आत येतो तेव्हा सूर जागच्या जागी. सगळ्या बैठकीत एकच ट्रॅक लावायचा झाला तर हाच लाव.

नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' (2024) मात्र तुकड्यांत नको. दहा भाग, साधारण 45 मिनिटं, आणि सिंथसायझरवरची एक फिरती स्वरावली सगळ्यांतून वाहते. वेळ नसेल तर तो सरळ पुढच्या बैठकीला ठेव.

---

प्रेषक: वैशाली

माधवकाका, सोल राहिलं की!
ब्रिटिश गायक मायकेल किवानुकाचा 'स्मॉल चेंजेस' (2024) घ्याच. निर्माते डेंजर माउस आणि इन्फ्लो. लय संथ, आवाज मऊ. ट्रम्पेटांचा दणका असलेलं सोल ज्यांच्या कानात आहे त्यांना पहिल्या ऐकण्यात फिकं वाटेल. त्यांना आधी बेसकडे कान द्यायला सांगा; गाणं तिथून चालतं.

दुसरा गायिका-बेसवादक मिशेल न्देगेओचेलोचा 'नो मोर वॉटर', अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविनच्या शंभराव्या जन्मदिनी, 2 ऑगस्ट 2024 ला आलेला. गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), सोल, जॅझ आणि बोललेली कविता असं सगळं त्यात आहे. बाल्डविनचं 'द फायर नेक्स्ट टाइम' (1963) हे पुस्तक त्याच्या मुळाशी आहे, तेव्हा लावण्याआधी दोन मिनिटं त्यावर बोला. पोलिसी हिंसेबद्दलचे शब्द थेट आहेत. मुलं असतील तर ट्रॅक आधी ऐकून निवडा.

---

प्रेषक: निनाद

अल्बम छान, पण हॉलमधल्या साउंड मिक्सरकडे लक्ष द्या. फोनची 3.5 मिमी स्टीरिओ पिन थेट एका बॅलन्स्ड चॅनेलमध्ये (एकच आवाज दोन उलट तारांतून घेणाऱ्या) घातली, तर मिक्सर डाव्यातून उजवा सिग्नल वजा करतो. दोन्हींकडे सारखा असतो तो मधला आवाज, म्हणजे गायिका आणि बेस, जवळजवळ नाहीसा होतो. समारा जॉय लावली आणि गाणारीच गायब, असं व्हायचं. एका टोकाला 3.5 मिमी आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय-केबल आणा, दोन चॅनेल वापरा, एक पूर्ण डावीकडे फिरवा, दुसरा पूर्ण उजवीकडे.

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून निदान दोन फूट. कोपऱ्यात ठेवले तर डबल बेसचा आवाज घुमतो आणि त्याचे सुटे स्वर कळत नाहीत. उंची बसलेल्यांच्या कानाएवढी.

ॲपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळणं) बंद करा. ट्रॅकचा आवाज आपोआप सारखा करणारी सोयही बंद, नाहीतर शबाकाचा हलका ट्रॅक आणि समारा धरून आठ जणांचा बँड एकाच पातळीवर येतात. आवाजाची पातळी 'पोर्ट्रेट'च्या सगळ्यात जोरकस जागेवर ठरवा आणि मग तिला हात लावू नका.

---

प्रेषक: प्राजक्ता

माधवकाका, वैशालीताई, निनाद, मनापासून आभार. क्रम असा: शबाका, समारा जॉय, चहा, किवानुका, न्देगेओचेलो. 'एंडलेसनेस' पुढच्या वेळी पूर्ण लावू. वाय-केबल कोणाकडे असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. मिक्सरकडच्या पिना 6.35 मिमीच्या लागतील.