अनुभव धागा: वॉशिंग मशीनमधला कुबट वास कसा घालवलात?

मागच्या श्रावणातली गोष्ट. सासूबाईंनी देव पुसायला घडीतलं धुतलेलं वस्त्र उचललं, नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवलं. "अगं, हे धुतलंय ना?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्याच दिवशी मशीनमधून काढलं होतं.

आमचं फ्रंट लोड मशीन ७ वर्षांचं, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत. वास येतोय म्हणून मी आधी पावडर वाढवली, मग सॉफ्टनर दुप्पट ओतायला लागले. दोन दिवस गुलाबाचा वास यायचा, तिसऱ्या दिवशी गुलाब आणि ओलं गोणपाट असा एकत्र. शेवटी एका रविवारी मशीनसमोर पाट घेऊन बसले आणि दाराभोवतीच्या रबराची घडी बोटांनी बाहेर ओढली. आत केस, धाग्यांचा करडा लगदा, काळं पडलेलं एक रुपयाचं नाणं आणि रबरावर काळे ठिपके. घडीच्या तळाशी तीन बारीक भोकं दिसली. साचलेलं पाणी निघून जावं म्हणून ती असतात, आमची गच्च बुजलेली होती. म्हणजे दर धुण्यानंतर पाणी तिथेच मुरत होतं.

टूथपिकने भोकं मोकळी केली. पावडरचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो हे मला ७ वर्षांत माहीत नव्हतं. तो काढून जुन्या ब्रशने घासला, त्याच्यावरचं छतही घासलं, कारण बुरशी तिथे वरच्या बाजूलाच जास्त होती. मग खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून फिल्टर काढला. आधी पसरट ताट ठेवा, नाहीतर बाल्कनीभर काळं पाणी होतं. शेवटी कपडे न घालता मशीन ९० अंशांवर फिरवलं. पहिल्या वेळी दाराच्या काचेतून पाणी चहासारखं दिसलं, म्हणून दुसऱ्यांदा फिरवलं. सॉफ्टनर तेव्हापासून बंद. त्याचा आणि जास्तीच्या साबणाचा चिकट थर आत बसतो आणि बुरशी त्याच्यावर पोसली जाते. आपण सगळं धुणं गार पाण्यात काढतो, त्यामुळे तो थर विरघळतही नाही.

माझं ठाम मत झालंय की वास झाकायचा नसतो, पाणी कुठे अडतंय ते शोधायचं असतं. तुमच्याकडे ते कुठे अडलं होतं? नाशिकच्या पावसाळ्यात हा त्रास घरोघरी आहे, म्हणून मोकळेपणाने लिहा.

सिडको, टॉप लोड

आमच्याकडे रबर नाही, तरी वास होता. धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर काळ्या पापुद्र्यासारखे तुकडे चिकटायचे. स्टीलचा ड्रम वरून लख्ख दिसतो, पण त्याच्या बाहेर प्लास्टिकची दुसरी टाकी असते आणि दोन्हींच्या मधला भाग आपल्याला कधी दिसत नाही. मेकॅनिकने तळाची फिरती चकती मधला स्क्रू काढून उचलली. खाली बोटभर जाडीचा मऊ, राखाडी थर होता. माझी आई बघून उठूनच गेली. आता दर सहा महिन्यांनी चकती उघडून धुवून घेतो. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्याशिवाय हात घालू नका.

पाथर्डी फाटा, फ्रंट लोड

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकरचं पाणी. बादलीवर पांढरी रेघ उठते, तसाच खार मशीनच्या आतही बसतो, आणि त्या खरबरीत खारावर साबणाचा मळ घट्ट धरतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर चालवतो. वासही जातो आणि ड्रमला हात लावला की गुळगुळीत लागतो. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं त्या माझ्या बहिणीला याची एवढी गरज पडत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात ब्लीच घालू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आमच्या शेजारच्या काकूंनी "दोन्ही टाकलं तर दुप्पट साफ" म्हणून तसं केलं आणि बंद बाल्कनीत खोकून खोकून त्यांचा जीव घाबरा झाला.

नाशिक रोड, टॉप लोड

मशीन स्वच्छ, कपडे स्वच्छ, तरी वास. कंपनीच्या माणसाने दोनदा येऊन पैसे घेतले आणि ड्रम क्लीनची पावडर विकून गेला. खरं कारण आमच्या प्लंबरदादांनी पाच मिनिटांत दाखवलं. मशीनचा पाइप मोरीच्या जाळीतून पार आत खुपसला होता आणि नहाणी ट्रॅप कोरडा पडला होता. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम उभं असावं लागतं, तेच गटाराचा वास अडवतं. आम्ही मे महिन्यात तीन आठवडे सिन्नरला होतो, तेवढ्यात ते आटलं. आता गावाला जाऊन आलो की आधी मोरीत दोन तांबे पाणी ओततो. पाइपही वर ओढून घेतलाय.

वास मशीनचा की मोरीचा हे ओळखायला दादांनी सांगितलं, की पाइप काढून बादलीत सोडा, मोरीवर ओलं फडकं टाका आणि दुसऱ्या दिवशी नाक लावून बघा.

मखमलाबाद, सेमी ऑटोमॅटिक

आमची द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की गंधकाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे आणि मशीनला वेगळाच वास मारायचा. आता फवारणीचे कपडे बाहेरच्या दगडावर, हातमोजे घालून, वेगळे धुतो.

बाकी बुरशीचं म्हणाल तर बागायतदाराला वेगळं शिकवायला नको. पान ओलं राहिलं की डावणी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, आलीच. म्हणून आम्ही फुटींची विरळणी करतो, वेलीत वारा खेळता ठेवतो. मी मिसेसला तेच म्हटलं, दोन्ही झाकणं उघडी टाक आणि धुणं संपलं की पिळायच्या टबातला पाण्याचा शेवटचा थेंब निघेपर्यंत तो रिकामा फिरव. पिळायच्या टबाच्या तळाशी मोजे अडकतात तेही बघत जा. आमच्याकडे एकदा सडलेला मोजा निघाला.

जुनं नाशिक, वाडा

२०१९ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तेव्हाचा. आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. मशीन चालू करायचा मोह झाला होता, वडिलांनी करू दिलं नाही. मोटर उघडून, धुवून, वाळवून घेतली. नदीचा गाळ मात्र पन्हाळीसारख्या वळ्यांच्या पाइपात बसला होता, तो कितीही धुतला तरी चिखलाचा वास जाईना. पाइप बदलला आणि वास गेला.

पंचवटी, फ्रंट लोड

माझी चूक साधी होती. रंगपंचमीला मुलं रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी मारून आली, ओलेचिंब कपडे तसेच मशीनमध्ये कोंबले, दार लावलं आणि आम्ही सगळे झोपलो. सकाळी दार उघडलं तर आंबलेला भपका. त्या दिवसापासून मशीनला धुण्याची टोपली करणं बंद. धुणं झालं की अर्ध्या तासात बाहेर, मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत. टॉवेलांत मुरलेला वास मात्र मशीनने गेला नाही. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळले आणि गच्चीवर कडक उन्हात टाकले, तेव्हा गेला.

गंगापूर रोड, फ्रंट लोड

मशीनचं झाकण उघडं टाका असं वर लिहिलंय आणि ते दारालाही बरोबरच आहे. पण घरात लहान मूल असेल त्यांनी कृपया लक्ष द्या. माझी नात अडीच वर्षांची. एका दुपारी बाहुलीला "आंघोळ" घालायला डोकं आणि दोन्ही हात ड्रममध्ये घालून ती आत चढत होती. मी ओट्यापाशी होते, पाय हलताना दिसले म्हणून धावले. आता दाराच्या कडीला सुती नाडी बांधून ती बाजूच्या नळाच्या पाइपाला अडकवली आहे. दार चार बोटं उघडं राहतं, वारा जातो, मूल जात नाही. मशीनचा प्लगही काढून ठेवते. नाडी ओली झाली की बदलते, कारण तिलाही वास लागतो.