चॅनलमध्ये बाई वरपर्यंत जाते का?

दादरकर: लेक मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणते एकता कपूरसारखं व्हायचंय. सुरुवात कुठून करायची?

पडद्यामागची: जाते हो ताई. पण एकता कपूर निर्माती, १९९४ ला बालाजी ही मालिका बनवणारी कंपनी उभी केली, २०२३ ला आंतरराष्ट्रीय एमीचा डायरेक्टोरेट पुरस्कार मिळाला. चॅनलची नोकरी वेगळी, तिथे मालिका बनवायची नसते, बनवून घ्यायची असते. ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून लागायचं, स्क्रिप्ट वाचायची, फिल्मसिटीत सेटवर जायचं, रात्री एडिट बघायचं. गुरुवारी बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती जणांनी बघितली त्याचे, आकडे आले की आमच्या मॅडम डबासुद्धा उघडायच्या नाहीत, आधी मिनिटामिनिटाचा ग्राफ, आणि प्रेक्षक नेमका कुठल्या सीनला उठला तिथे बोट ठेवायच्या. तेव्हा वाटायचं किती कडक बाई, पण स्लॉट, म्हणजे मालिकेची ठरलेली वेळ, सांभाळायला मी त्यांच्याकडेच शिकले.

ठाणेलोकल: हे सगळं खरं, पण माझ्या बाळंतपणाच्या रजेत माझी मालिका दुसऱ्याला दिली, परत आले तर टेबलसुद्धा बदललेलं. अजून राग येतो. लेकीला सेल्सचीही माहिती घ्यायला सांगा, जाहिरातीचा पैसा कळला की मीटिंगमध्ये कोणी मधेच तोडत नाही.

दादरकर: ठाणेलोकल, वाचून वाईट वाटलं. दोघींचं लेकीला आज रात्रीच दाखवते.