गावालगत बॅटरी साठवण प्रकल्प होत असल्यास आगीबाबत ग्रामसभेत काय विचारावे?

पंचगंगाकाठ:
नमस्कार. हातकणंगले तालुक्यातील आमच्या गावालगत, वीज उपकेंद्राशेजारी, सौरवीज साठवण्यासाठी लिथियम बॅटऱ्यांचे कंटेनर उभारण्याचा प्रस्ताव आहे. जागेच्या चहूबाजूंना ऊस आहे आणि पाचट पेटवल्यावर जाळ बांध ओलांडून शेजारच्या फडात जातो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रकल्पाला माझा विरोध नाही. तथापि ‘स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानावे का?

वीज अभियंता, कागल:
मानू नये. अंतर्गत शॉर्टसर्किट, अतिचार्जिंग किंवा उत्पादनातील दोष यांमुळे एखादा सेल तापला, की तो स्वतःच उष्णता निर्माण करत शेजारच्या सेललाही तापवतो; यालाच थर्मल रनअवे म्हणतात. आग विझवणारा वायू फवारून ज्वाळा विझतात, परंतु सेलचे तापणे थांबत नाही, आणि त्यातून निघणारे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड बंद कंटेनरमध्ये साचत राहतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात १९ एप्रिल २०१९ रोजी नेमके हेच घडले : यंत्रणेने वायू सोडला होता, तरीही काही तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडल्यावर स्फोट झाला आणि काही जण गंभीर जखमी झाले. म्हणून साचणारा ज्वलनशील वायू ओळखणारे सेन्सर, तो बाहेर काढणारे पंखे आणि स्फोटाचा दाब वरच्या दिशेने सोडणारी झडपे आहेत का, हे आधी विचारा. ‘आमच्या बॅटऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या) आहेत’ असे सांगितले जाईल. त्या तुलनेने अधिक तापमानाला बिघडतात हे खरे आहे, पण त्यांच्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते. थर्मल रनअवे झाल्यास आग कशी पसरते हे तपासणाऱ्या यूएल ९५४०ए चाचणीचा अहवाल अवश्य मागा.

निवृत्त अग्निशमन कर्मचारी:
मी अंतराचा मुद्दा जोडतो. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे १६ जानेवारी २०२५ रोजी ३०० मेगावॉटचा प्रकल्प पेटला. बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीने ठेवलेल्या असल्यामुळे आग फैलावली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. याउलट ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ ३० जुलै २०२१ रोजी लागलेली आग, कंटेनर उघड्यावर सुटे असल्याने, दोन युनिटांपुरतीच राहिली. मात्र ती पूर्ण आटोक्यात यायला चार दिवस लागले. पेटलेला कंटेनर बहुधा जळू द्यावा लागतो व पाणी शेजारचे कंटेनर थंड ठेवण्यासाठी वापरावे लागते. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही दिवसांनी पुन्हा पेटू शकते. तेव्हा इतके दिवस पुरेल एवढे पाणी कोठून येणार, आणि दूषित पाणी ओढ्यात न जाता कोठे अडवणार, हे लेखी घ्या. कुंपणाभोवती ऊस नसलेला मोकळा पट्टा असलाच पाहिजे.

पंचगंगाकाठ:
दोघांचे मनःपूर्वक आभार. जागेच्या खालच्या बाजूला २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी आले होते. त्याचा संबंध येतो का?

वीज अभियंता, कागल:
नक्कीच येतो. बॅटरीत पाणी शिरल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते, आणि रस्ता पाण्याखाली असेल तर बंबही पोहोचणार नाही. त्या दोन्ही पुरांची रेषा दाखवणारा नकाशा आणि जोत्याची उंची प्रस्तावासोबत जोडल्याशिवाय ठराव करू नका.